गमावलेल्या जनुकाचा वेध : कर्करोगचिकित्सेतील संयोगजन्य मारकता

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केला. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. पाश्चात्त्य देशांत तुलनेने विरळ असलेला हा रोग आपल्याकडे एवढा विपुल का, या प्रश्नाकडे खानोलकरांनी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले आणि तंबाखूच्या सेवनाशी असलेला त्याचा संबंध पुढील संशोधनात सातत्याने तपासला.

त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतीय पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत ओठ व मुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर असून त्याचे वर्षाला सुमारे १ लाख नवे पुरुष रुग्ण होतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तंबाखू-चुना मळून दाढेखाली धरणारा शेतकरी, दातांना मिश्री लावणारी गृहिणी आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही गुटख्याच्या पुडीस सरावलेला तरुण, हे दृश्य कोणास अपरिचित नाही. गालाच्या आतील न भरणारे व्रण, हळूहळू कमी उघडणारे तोंड, आणि मग सुमारे ४२० किलोमीटरवरील मुंबईची वाट, हा क्रमही खानदेशातील अनेक कुटुंबांनी अनुभवला आहे.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे या रोगावरील मुख्य उपाय होत. औषधोपचारांपुढे मात्र एक मूलभूत अडचण आहे. ती अडचण कोणती, तिच्यावर आनुवंशिकीने कोणता तोड सुचविला, हा तोड स्तन व अंडाशय यांच्या काही कर्करोगांत कसा यशस्वी झाला, आणि आपल्या भागातील मुखकर्करोगास तो लागू पडण्याची आशा कितपत धरता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उणिवेवर औषध कसे द्यावे?

पेशींच्या विभाजनावर दोन प्रकारच्या जनुकांचे नियंत्रण असते. काही जनुके विभाजनास चालना देतात, तर काही त्यास आवर घालतात अथवा डीएनएमधील बिघाड दुरुस्त करतात. कर्करोगाची पेशी घडते ती या दोन्ही बाजूंनी. चालना देणारे एखादे जनुक उत्परिवर्तनाने अतिक्रियाशील होते, आणि आवर घालणारी वा दुरुस्ती करणारी जनुके नष्ट वा निकामी होतात.

पहिल्या प्रकारच्या बिघाडावर औषध योजणे तात्त्विक दृष्ट्या सोपे आहे. अतिक्रियाशील जनुकापासून निर्माण होणारे प्रथिन पेशीत उपस्थित असते. त्याच्या क्रियास्थानी नेमका बसणारा रेणू शोधला की काम होते. दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्करोगावर २००१ साली मान्यता पावलेले इमॅटिनिब हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. परंतु दुसऱ्या प्रकारात बिघाड म्हणजे उणीव असते. जे प्रथिन पेशीत नाहीच, त्यास अडविणार कसे? नसलेल्या दारास कुलूप लावता येत नाही. हरवलेले जनुक प्रत्येक कर्कपेशीत पुन्हा नेऊन बसविणे हा दुसरा मार्ग; पण अर्बुदातील कोट्यवधी पेशींपैकी एकही न वगळता असे करणे आजही साध्य झालेले नाही.

जुन्या पद्धतीची रासायनिक औषधे या अडचणीस बगल देतात. वेगाने विभागणाऱ्या सर्वच पेशींवर ती आघात करतात. त्यामुळे अर्बुदाबरोबर अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळेही भाजून निघतात. तेव्हा प्रश्न असा उरतो की, कर्कपेशीने जे गमावले आहे त्याच गमावण्याचा उपयोग तिच्या नाशासाठी करता येईल काय?

संज्ञेचा अर्थ

या प्रश्नास होकारार्थी उत्तर देणाऱ्या कल्पनेस इंग्रजीत ‘सिंथेटिक लेथॅलिटी’ असे म्हणतात. येथे ‘सिंथेटिक’ या शब्दाने कृत्रिम असा अर्थ अभिप्रेत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एकत्र ठेवणे’ असा असून तोच येथे घ्यावयाचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखकाने ‘संयोगजन्य मारकता’ असा पर्याय योजला आहे. ‘क’ आणि ‘ख’ ही दोन जनुके घ्या. केवळ ‘क’ निकामी झाले तर पेशी जगते. केवळ ‘ख’ निकामी झाले तरी जगते. मात्र दोन्ही एकाच पेशीत निकामी झाली तर ती मरते. मारकता ‘क’च्या अभावात नाही, ‘ख’च्याही अभावात नाही, ती दोन्ही अभावांच्या संयोगात आहे.

जळगावहून धुळ्यास जाण्याचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट चटकन ध्यानी येईल. एरंडोल-पारोळ्यावरून महामार्गाने धुळे गाठता येते; अथवा रेल्वेने चाळीसगावला उतरून तेथून निघणाऱ्या शाखामार्गानेही जाता येते. महामार्ग बंद पडला तरी प्रवासी खोळंबत नाही, तो चाळीसगावची गाडी धरतो. रेल्वे बंद पडल्यास तो महामार्गाने जातो. आता अशी कल्पना करा की, एका प्रवाशापुरता महामार्ग कायमचा बंद झाला आहे. त्याची ही उणीव एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो रेल्वेने नित्य ये-जा करीत असतो. पण तो आता सर्वस्वी रेल्वेवर अवलंबून आहे. अशा वेळी रेल्वे बंद केली तर इतर प्रवाशांची थोडी गैरसोय होईल. धुळे तुटेल ते केवळ या एका प्रवाशास.

हा प्रवासी म्हणजे कर्कपेशी, बंद झालेला महामार्ग म्हणजे तिने गमावलेले जनुक, आणि रेल्वे बंद करणारे ते औषध होय. औषधाचा वेध हरवलेल्या जनुकावर नाही. त्या हरवण्यामुळे पेशीत जे परावलंबन निर्माण झाले, त्यावर तो आहे. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म एवढ्या एका वाक्यात सामावले आहे.

फळमाशीपासून किण्वापर्यंत

या कल्पनेचा उगम कर्करोगाच्या रुग्णालयात झाला नाही. १९२२ साली कॅल्व्हिन ब्रिजेस यांना फळमाशीच्या संकरांत असे आढळले की, स्वतंत्रपणे निर्धोक असणारी काही उत्परिवर्तने एकत्र आली असता कीटक जगत नाही. १९४६ साली थिओडोसियस डोबझान्स्की यांनी फळमाशीच्या दुसऱ्या एका जातीत असेच पाहिले. निसर्गात सुखाने जगणाऱ्या माश्यांची गुणसूत्रे परस्परांत खंडांची अदलाबदल करून नव्याने जुळली, तेव्हा त्यांतील काही मारक ठरली. ‘सिंथेटिक लेथल’ हा शब्दप्रयोग त्यांनी रूढ केला. त्यांना कुतूहल होते ते उत्क्रांतीचे. औषधाचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

पुढे ही कल्पना किण्वाच्या अभ्यासकांनी उचलली. पाव फुगविणाऱ्या किण्वात सुमारे ६,००० जनुके असतात. त्यांपैकी साधारण एकषष्ठांश जनुकेच अशी आहेत की, ज्यांचा एकट्याचा अभाव पेशीस मारतो. उरलेल्या पाच हजारांशिवाय किण्व प्रयोगशाळेतील पोषणद्रव्यावर जगू शकते. याचा अर्थ ती जनुके निरुपयोगी आहेत असा नव्हे. बहुतेकांना कोठे ना कोठे पर्याय आहे, असा त्याचा अर्थ होतो. हे पर्याय हुडकावयाचे तर जनुकांच्या जोड्या तपासाव्या लागतात. ६,००० जनुकांच्या जोड्या होतात जवळजवळ १ कोटी ८० लाख. टोरांटो येथील चार्ल्स बून, ब्रेन्डा अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रमानवांच्या साहाय्याने हे प्रचंड काम केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आराखड्यात, एकत्र आल्यास अपेक्षेपेक्षा अधिक अपाय करणाऱ्या सुमारे ५,५०,००० जोड्यांची नोंद आहे. मानवी जनुके सुमारे २०,००० धरली तर जोड्यांची संख्या २० कोटींच्या घरात जाते. यावरून मानवी पेशींतील शोध किती दुष्कर आहे याची कल्पना यावी.

किण्वाचा आणि कर्करोगाचा सांधा जुळविला तो लीलंड हार्टवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९७ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, अर्बुदाने गमावलेले जनुक ‘क’ समजावे, किण्वातील त्याच्या समकक्ष जनुकाचा मारक जोडीदार ‘ख’ शोधावा आणि त्या ‘ख’वर औषध योजावे. पेशीचक्रावरील कार्यासाठी हार्टवेल यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा प्रस्ताव मात्र तेव्हा प्रस्तावच होता. त्यास मूर्त रूप येण्यास आठ वर्षे लागली.

बीआरसीए आणि पार्प

स्तनाचा कर्करोग काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. आपल्याकडे डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांमधील स्तनकर्करोगावर दीर्घ काळ काम केले आणि रोग व आनुवंशिक प्रवणता यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले. पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे ऊतिसंवर्धनाचे तंत्र त्यांनीच भारतात रुजविले. आज मारक जोड्यांचा शोध ज्या तंत्रावर उभा आहे, ते हेच होय.

१९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी अशा कुटुंबांतील एक कारक जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९४ मध्ये ते प्रत्यक्ष हाती आले, तेच बीआरसीए-१. बीआरसीए-२ हे १३व्या गुणसूत्रावरील जनुक १९९५ मध्ये सापडले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार सदोष बीआरसीए-१ जनुक धारण करणाऱ्या स्त्रीस वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, तर अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के असते.

येथे वाहक आणि रोगी पेशी यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. नंदुरबार व धुळे भागांतील आदिवासी वस्त्यांत सिकलसेलची तपासणी पाहिलेल्या विद्यार्थ्यास वाहक ही संकल्पना परिचित आहे : एक प्रत सदोष असली तरी दुसरी निर्दोष प्रत काम निभावून नेते. बीआरसीए जनुकाच्या वाहक स्त्रीच्या शरीरातील सर्वसामान्य पेशींतही एक निर्दोष प्रत असते. एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही नष्ट झाली, तर त्या पेशीतून अर्बुद वाढू शकते. म्हणजे एकाच स्त्रीच्या शरीरात महामार्ग खुला असलेल्या कोट्यवधी निरोगी पेशी आणि तो बंद झालेल्या कर्कपेशी शेजारी शेजारी नांदत असतात. संयोगजन्य मारकतेस याहून अनुकूल भूमी कोणती?

बीआरसीए प्रथिनांचे काम कोणते? डीएनएच्या दुपदरी साखळीचे दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले तर ती इजा फार धोक्याची असते. तिची बिनचूक दुरुस्ती करावयाची तर शेजारची निर्दोष जुळी साखळी नमुना म्हणून वापरावी लागते. या दुरुस्तीस समजात पुनःसंयोजन म्हणतात. बीआरसीए-२ हे प्रथिन आरएडी-५१ नावाच्या प्रथिनास तुटलेल्या टोकावर नेऊन बसविते आणि बीआरसीए-१ त्याची पूर्वतयारी करते. ही प्रथिने नसतील तर पेशी तुटकी टोके कशीबशी जोडते. त्यात मजकूर गळतो, गुणसूत्रे भलत्याच ठिकाणी सांधली जातात.

दुसरा मार्ग ‘पार्प’ या विकराचा. डीएनएचा एकच पदर तुटणे ही पेशीतील नित्याची घटना आहे. प्रत्येक पेशीत दिवसाकाठी अशा हजारो इजा होतात. पार्प-१ हे विकर इजा झालेल्या जागी तत्काळ जाऊन बसते, एनएडी या सहविकरापासून एडीपी-रायबोजच्या लांब साखळ्या विणते आणि त्या साखळ्यांच्या खुणेने दुरुस्तीची इतर प्रथिने तेथे पाचारण करते. काम झाले की, त्याच साखळ्यांच्या ऋणभारामुळे पार्प डीएनएपासून सुटते.

पार्परोधक औषध एनएडीच्या जागी जाऊन बसते. साखळ्या विणल्या जात नाहीत, दुरुस्ती अडते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पार्प स्वतःच डीएनएवर अडकून पडते. रेल्वेचा दृष्टान्त पुढे न्यावयाचा तर, नुसता मार्ग बंद झाला असे नाही. बंद पडलेले इंजिन रुळावरच उभे राहिले. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा त्यावर येऊन आदळते आणि एकपदरी इजेचे दुपदरी इजेत रूपान्तर होते. निरोगी पेशी बीआरसीएच्या साहाय्याने ती इजा दुरुस्त करते. बीआरसीए गमावलेली पेशी तसे करू शकत नाही. गुणसूत्रांची मोडतोड वाढत जाऊन ती मरते. या मरणात प्रत काढताना राहून जाणाऱ्या फटींचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप चर्चा चालू आहे. मूळ निरीक्षणाविषयी मात्र मतभेद नाही.

ते निरीक्षण २००५ सालच्या एप्रिल महिन्यात ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केले : एक थॉमस हेलेडे यांचा आणि दुसरा लंडनचे अ‍ॅलन अ‍ॅशवर्थ यांचा. २००९ मध्ये ओलापॅरिब या पार्परोधकाच्या पहिल्या मानवी चाचणीचा वृत्तान्त आला. तीत ६० रुग्ण होते. त्यांपैकी २२ जण बीआरसीए जनुकांच्या दोषाचे वाहक होते. अर्बुद वस्तुनिष्ठरीत्या आकसल्याचे केवळ वाहक रुग्णांतच आढळले. डिसेंबर २०१४ मध्ये युरोप व अमेरिका येथे या औषधास अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३९१ बीआरसीए-दोषी रुग्ण स्त्रियांवरील चाचणीत, प्रथमोपचारानंतर ओलापॅरिब घेणाऱ्यांपैकी तीन वर्षांअखेर सुमारे ६० टक्के स्त्रियांचा रोग वाढला नव्हता; औषधहीन गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. सात वर्षांनंतर पहिल्या गटातील ६७ टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे ४६.५ टक्के स्त्रिया हयात होत्या. ज्या रोगात पुनरुद्भव हा जवळजवळ नियमच मानला जात असे, त्यात हा फरक असामान्य म्हटला पाहिजे.

यशाची मर्यादा

या यशास तीन बाजूंनी ओहोटी लागते, आणि तिन्हींचे स्वरूप आपल्या दृष्टान्तातून समजते. पहिली बाजू अशी की, बंद महामार्ग पुन्हा खुला होतो. बीआरसीए जनुकात दुसरे उत्परिवर्तन होऊन पहिल्याचा परिणाम रद्द होतो आणि प्रथिन पुन्हा कार्यक्षम होते. अशा पेशी औषधास दाद देत नाहीत. हे २००८ मध्येच दिसून आले होते. दुसरी बाजू म्हणजे प्रवासी तिसरी वाट शोधतो. जळगावहून अमळनेरपर्यंत जाऊन तेथून धुळ्याचा रस्ता धरावा, तसे बीआरसीए-१ नसलेल्या पेशीत ५३बीपी-१ हे प्रथिनही नष्ट झाले तर बिनचूक दुरुस्तीची वाट काही अंशी मोकळी होते. तिसरी बाजू म्हणजे नाकेबंदीच उठते : पेशी औषध बाहेर उपसून टाकते, अथवा पार्पमध्येच असा बदल होतो की ते डीएनएवर अडकत नाही.

याखेरीज रक्तक्षय, थकवा, मळमळ हे त्रास होतात, आणि क्वचित अस्थिमज्जेचे गंभीर विकार उद्भवतात. औषध महाग आहे, आणि जनुकाची तपासणी केल्याशिवाय ते कोणास द्यावयाचे हे ठरत नाही. ‘लक्ष्यवेधी’ या शब्दाने हुरळून जाऊन औषध ‘निर्दोष’ आहे असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या मुखकर्करोगाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बीआरसीए-दोष हे मुखकर्करोगाचे प्रमुख कारण नव्हे; तेव्हा पार्परोधकांचे यश जसेच्या तसे येथे आणता येत नाही. पण कल्पना तीच ठेवून जोडी बदलता येईल. त्यासाठी प्रथम आपल्या रुग्णांच्या अर्बुदांनी काय गमावले आहे, हे ठाऊक हवे.

हे काम महाराष्ट्रात झाले आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राचे कर्करोगविषयक प्रगत केंद्र आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यक जीनोमिकी संस्था यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पाचा भारतीय भाग म्हणून गाल व हिरडी यांच्या कर्करोगाचा अभ्यास हाती घेतला. तंबाखू चघळणाऱ्यांचा हाच विशेष रोग. ५० रुग्णांच्या अर्बुदांतील सर्व प्रथिनकारक जनुकांचे वाचन करून आणि आणखी रुग्णांत पडताळा घेऊन त्यांनी २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारंवार बिघडलेली १० जनुके आढळली. टीपी-५३, फॅट-१, कॅस्पेज-८, एच-रास व नॉच-१ ही पाच इतरत्रच्या शीर्ष-ग्रीवा कर्करोगांतही आढळणारी. तर यूएसपी-९एक्स, एमएलएल-४, एआरआयडी-२, यूएनसी-१३सी व टीआरपीएम-३ ही पाच या उपप्रकाराची विशेष.

या यादीचे एक वैशिष्ट्य अभ्यासकाने मनावर बिंबवून घ्यावे. अतिक्रियाशील होणारे, म्हणजे थेट अडविता येण्याजोगे, जनुक तीत ठळकपणे एकच आहे : एच-रास. टीपी-५३, फॅट-१, कॅस्पेज-८ व नॉच-१ या रोगात बिघडतात ती मुख्यतः कार्य गमावून. म्हणजेच खानदेशातील रुग्णाच्या गालातील अर्बुद हे मुख्यत्वे उणिवांचे अर्बुद आहे. उणिवांवर उपाय सांगणारी युक्ती जर कोठे सर्वाधिक हवी असेल, तर ती येथे.

टीपी-५३ गमावलेल्या पेशीस विभाजनचक्रातील पहिल्या नाक्यावर थांबता येत नाही. डीएनएची दुरुस्ती करण्यासाठी ती दुसऱ्या नाक्यावर विसंबते. त्या नाक्यावरील वी-१, सीएचके-१, एटीआर या विकरांना अडविले तर अशी पेशी मोडक्या डीएनएसह विभाजनात लोटली जाते. हा तर्क आकर्षक आहे. परंतु निरोगी रक्तपेशींनाही या विकरांची गरज असल्याने प्रत्यक्ष चाचण्यांत त्यांना पुष्कळ झळ पोचते, असा अनुभव आला. जोडी खरी असली तरी ‘इतर प्रवाशांची थोडी गैरसोय’ येथे थोडी राहत नाही.

कॅस्पेज-८ चे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. हे प्रथिन पेशीच्या नियोजित मृत्यूचा एक मार्ग उघडते, तसेच नेक्रॉप्टोसिस नावाच्या दुसऱ्या मार्गास आवर घालते. ते गमावल्याने कर्कपेशी पहिल्या मरणातून सुटते. पण दुसऱ्या मरणावरील आवरही त्याबरोबर जातो. २०२० मध्ये असे दाखविण्यात आले की, कॅस्पेज-८ नसलेल्या शीर्ष-ग्रीवा कर्करोगाच्या पेशी स्मॅक-सदृश औषध व किरणोपचार यांच्या संयोगाने या दुसऱ्या मार्गाने मारता येतात. अट एवढीच की, त्यांच्यात आरआयपीके-३ हे प्रथिन शिल्लक असावे. याच वर्गातील झेविनापंट या औषधाची मोठी मानवी चाचणी मात्र २०२४ मध्ये लाभ न दिसल्यामुळे थांबविण्यात आली. तीत रुग्णांची निवड कॅस्पेज-८ च्या अभावावरून केलेली नव्हती. निवड केली असती तर ती यशस्वी झालीच असती, असे म्हणण्यास पुरावा नाही. पण २००९ च्या चाचणीत २२ वाहक ओळखलेच गेले नसते, तर ओलापॅरिबचा गुणही ६० जणांच्या सरासरीत अंधुक झाला असता, हे उघड आहे. संयोगजन्य मारकतेत औषधाइतकीच, किंबहुना औषधाच्या आधी, रुग्णाच्या उणिवेची परीक्षा महत्त्वाची असते.

तिसरी दिशा ९व्या गुणसूत्राच्या एका खंडाची. शीर्ष-ग्रीवा कर्करोगांत सीडीकेएन-२ए हे आवर घालणारे जनुक वारंवार गळते. काही अर्बुदांत त्याच्या शेजारचे एमटॅप हे जनुकही त्यासोबत जाते. एमटॅप गेल्याने पेशीत एमटीए हे द्रव्य साचते आणि ते पीआरएमटी-५ या विकरास अर्धवट लुळे करते. उरलेल्या अर्ध्या शक्तीवर जगणाऱ्या या पेशींना पीआरएमटी-५ आणखी दाबल्यास तग धरता येत नाही. हे २०१६ मध्ये अनेक गटांनी दाखविले असून, एमटीएच्या सान्निध्यातच क्रिया करणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या. येथे गळालेले एमटॅप स्वतः कर्करोगास कारण नसेलही. शेजारधर्माने गेलेले जनुकही पेशीचे मर्मस्थान उघडे करते, हा यातील नवा धडा.

येथील अभ्यासकांना काय करता येईल?

जळगावच्या विद्यापीठाची स्थापना १९९० साली झाली. जळगाव, धुळे व नंदुरबार हे त्याचे क्षेत्र. नव्या औषधाची मानवी चाचणी हे येथील पदव्युत्तर प्रयोगशाळेचे काम नव्हे. परंतु या विषयाच्या साखळीत आपल्या आवाक्यातील दुवे पुष्कळ आहेत.

किण्वातील दोन उत्परिवर्ती वाणांचा संकर करून त्यांच्या चार बीजाणूंपैकी कोणते वाढत नाहीत हे पाहणे, हा अल्प साधनांत होणारा प्रयोग आहे. डोबझान्स्की आणि हार्टवेल यांच्या विचाराची प्रत्यक्ष ओळख त्यातून होते. ज्यांचा कल गणनाकडे आहे त्यांना ‘डेपमॅप’ हा खुला संग्रह उपलब्ध आहे. त्यात एक हजाराहून अधिक कर्कपेशीवंशांत एकेक जनुक निकामी केल्याचे परिणाम नोंदविले आहेत. फॅट-१ वा एआरआयडी-२ गमावलेल्या पेशी कोणत्या जनुकावाचून अडतात, हा प्रश्न जळगावात बसून विचारता येतो. मात्र या संग्रहात तंबाखू चघळणाऱ्या भारतीय रुग्णांच्या पेशी अत्यल्प आहेत, याचे भान ठेवावे. मिळालेले अनुमान टाटा स्मारक केंद्रात विकसित झालेल्या एडब्ल्यू-१३५१६ वा एडब्ल्यू-८५०७ यांसारख्या पेशीवंशांवर पडताळून पाहणे ही पुढील पायरी होय.

सर्वांत महत्त्वाचा दुवा मात्र रुग्णालयात आहे. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत तपासणीस आलेल्या ऊतींचे मेणात जतन केलेले ठोकळे असतात. रुग्णाची संमती व नीतिसमितीची अनुज्ञा घेऊन, तंबाखू-सेवनाचा प्रकार व कालावधी यांच्या काटेकोर नोंदीसह अशा ठोकळ्यांची सूची केली, तर कॅस्पेज-८ किंवा एमटॅप यांचे प्रथिन किती अर्बुदांत नाही, हे साध्या प्रतिद्रव्य-रंजनाने पाहता येईल. खानदेशातील प्रमाण कळल्याशिवाय कोणती जोडी येथे उपयोगाची, हे ठरविता येणार नाही. तद्वत्, स्तन वा अंडाशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रीच्या माहेरची व सासरची नावे एका कागदावर लिहून भागत नाही. तिच्या आई आणि वडील अशा दोन्ही घराण्यांतील रोगाची विचारपूस व्हावयास हवी. सदोष बीआरसीए जनुक पित्याकडूनही येते, ही गोष्ट अजून अनेकांच्या ध्यानी नसते. त्या एका प्रश्नाने रुग्ण स्त्रीस योग्य औषधाचा आणि तिच्या बहिणी-मुलींना वेळीच सावध होण्याचा मार्ग मोकळा होऊ शकतो.

खानोलकरांनी ज्या रोगाचा आढावा घेतला, त्याचे मुख्य कारण आज निःसंशय ठाऊक आहे, आणि ते टाळता येण्याजोगे आहे. तंबाखूची पुडी हातात पडण्यापूर्वीच ती दूर सारणे हे कोणत्याही पार्परोधकाहून अधिक जीव वाचवील. परंतु ज्यांच्या गालात अर्बुद आजच वाढत आहे, त्यांना हे सांगून त्यांचे समाधान व्हावयाचे नाही. त्यांच्या पेशींनी काय गमावले, याची यादी आपणांस मिळाली आहे. त्या प्रत्येक नावासमोर त्याच्या मारक जोडीदाराचे नाव लिहावयाचे काम शिल्लक आहे, आणि त्यातील काही नावे येथील विद्यार्थ्यांच्या हातून लिहिली जाऊ शकतात.